टोकन देण्याआधी गाडी थंड असताना बघा

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात दातांचा दवाखाना चालवते, वय ४३. कॉलेजात असल्यापासून एक हौस आहे: दोन दारांची, बुटकी, खरोखर पळणारी गाडी स्वतःच्या पैशानं घ्यायची. दवाखान्याचं कर्ज फिटल्यावर वेगळ्या खात्यात थोडे थोडे टाकत गेले, आज तिथे सोळा लाख आहेत. मुलगी अकरावीला आहे, तिच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवलेत. घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत, पण ते आम्हा दोघांच्या कमाईत बसतात.

पुण्यात एका डीलरकडे २०१२ ची ऑडी टीटी बघितली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), लाल रंग, ५८ हजार रनिंग, बंगळूरची पासिंग, तिसरा मालक. मागतोय पावणेसोळा लाख. चालवून बघितली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. डीलर म्हणतो, रविवारपर्यंत पन्नास हजार टोकन द्या, नाहीतर मुंबईची पार्टी गाडी उचलेल. मिस्टर म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा गावाकडे दोन गुंठे घेऊ. सासूबाई म्हणतात, लोक काय म्हणतील. घरची स्विफ्ट राहणारच आहे. हा वेडेपणा आहे का? नसेल तर ही गाडी घेऊ का?

उत्तर:

डॉक्टर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हा वेडेपणा नाही. मुलीचे पैसे वेगळे आहेत, दवाखान्याचं कर्ज फिटलंय, रोजच्या वापराला स्विफ्ट आहे आणि खात्यातला रुपया न् रुपया तुमच्या कष्टाचा आहे. वीस वर्षं मनात धरलेली हौस त्रेचाळिसाव्या वर्षी पुरी करायला कुणाची परवानगी लागत नाही. लोक पंधरा दिवस बोलतील आणि मग त्यांना दुसरा विषय मिळेल. सासूबाईंना एकदा शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट चढवून आणा. बसताना-उतरताना मात्र त्यांना हात द्यावा लागेल, टीटीची सीट फार खाली असते.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दोन गुंठ्यांची तुलना मला पटत नाही, कारण तुम्हाला जमीन नकोच आहे. पण गाडीत घातलेले पैसे परत येत नाहीत हे खरं आहे आणि ते तुम्ही मनाशी पक्कं करून टाका. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही. ‘जुनी स्पोर्ट्स कार किंमत धरून ठेवते’ असं डीलरनं सांगितलं असेल तर ते या गाडीला लागू नाही. ज्या मोजक्या गाड्या किंमत धरतात त्यांत २०१२ ची टीटी बसत नाही.

आता दुसरा प्रश्न. ही गाडी, या भावात, रविवारपर्यंत? नको. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी ती पाहिलेली नाही. पण सोळा लाखांच्या खात्यातून पावणेसोळाची गाडी घेतली की हातात पंचवीस हजार उरतात, आणि या गाडीचा खर्च विकत घेतल्यानंतर सुरू होतो. नवी असताना ती पन्नास लाखांच्या आसपासची गाडी होती. आज तिची किंमत एक तृतीयांशावर आलीय, पण तिचा पाण्याचा पंप, गिअरबॉक्स, हेडलाइट, काच यांपैकी एकाही वस्तूची किंमत उतरलेली नाही. ते सगळं आजही पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावानं मिळतं. जुन्या महागड्या गाडीत माणसं फसतात ती इथेच. किंमत एखाद्या साध्या नव्या गाडीइतकी दिसते, म्हणून खर्चही तसाच असेल असं वाटतं.

त्यामुळे हिशेब उलट्या बाजूनं करा. सोळा लाखांतून आधी दोन लाख कायमचे बाजूला काढा, फक्त दुरुस्तीसाठी, आणि पुढे दर वर्षी दीड लाखाच्या आसपास त्यात भर घालण्याची तयारी ठेवा. मग पहिल्या महिन्यातली कामं धरा. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्वाट्रोच्या मागच्या क्लचचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, प्लग, बॅटरी आणि बहुधा टायरही. या टीटीला १७ किंवा १८ इंची चाकं असतात आणि टायर २४५ रुंदीचे. चार चांगले टायर साठ-सत्तर हजारांच्या खाली धरू नका. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी इतका जुना टायर घाटात भरवशाचा नाही. त्यानंतर महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि विमा. हे सगळं वजा केल्यावर जो आकडा राहील तो गाडीचा भाव. माझ्या अंदाजानं तो साडेअकरा ते बारा लाखांच्या पुढे जात नाही.

डीलर या आकड्यावर नाक मुरडेल. मुरडू द्या. इतकी जुनी, परराज्यातली, दोन दारांची गाडी घ्यायला पुण्यात रांग लागलेली नाही. मुंबईची पार्टी खरी असेलही, पण खरी पार्टी गाडी तपासल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही दात काढायला घेण्याआधी एक्स-रे मागताच की. इथेही तसंच करा.

बंगळूरच्या पासिंगचं नीट समजून घ्या, कारण डीलर ‘ते आम्ही करून देतो’ एवढंच म्हणतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी बंगळूरच्या आरटीओची एनओसी लागते. आधीच्या मालकाचा बँकेचा बोजा असेल तर तो उतरलेला हवा. मग साताऱ्याच्या आरटीओत टॅक्स भरायचा. हा टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून ठरतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. टीटी परदेशातून तयार होऊन आलेली गाडी आहे, त्यामुळे नेहमीच्या गाडीचा दर धरून चालू नका. आरसीची प्रत घेऊन आरटीओत जा आणि नेमका आकडा काढून आणा. कर्नाटकात आधी भरलेल्या टॅक्सचा काही भाग परत मिळू शकतो, पण तो मागावा लागतो आणि त्यात महिने जातात. तो हिशेबात धरू नका.

त्याहून मोठी गोष्ट डीलरनं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७. त्या वर्षी फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. गाडी ठाकठीक असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भाव ठरवताना हा मुद्दा तुमच्या हातात आहे आणि तो स्पष्ट बोलून दाखवा. डीलरकडे जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का तेही विचारा, एप्रिल २०२३ पासून ते घेणं बंधनकारक आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की मालक कितवा, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. थकलेली ई-चलनंही त्याच वेळी बघून घ्या.

आता प्रत्यक्ष गाडी. तुम्ही ती चालवून बघितलीत, पण मला खात्री आहे की तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. डीलरच्या आवारात गाडी गिऱ्हाईक येण्याआधीच सुरू करून ठेवतात. दुसऱ्यांदा जाताना आदल्या दिवशी सांगा, ‘मी आल्याशिवाय चावी लावू नका’. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गार लागला तरच पुढे. मग गाडीत बसू नका, बॉनेट उघडून समोर उभ्या राहा आणि दुसऱ्याला स्टार्ट करायला सांगा. पहिल्या दोन-चार सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, गेलेला असू शकतो. या इंजिनाच्या त्या पिढीतलं हे माहितीतलं दुखणं आहे. चेन निसटली तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग दुरुस्ती अर्ध्या गाडीच्या किमतीला जाते. तापलेल्या इंजिनात हा आवाज बहुतेक वेळा येत नाही, म्हणून थंड गाडीचा आग्रह.

त्याच पिढीचं दुसरं दुखणं ऑइल पिण्याचं. पिस्टनच्या ऑइल रिंगा चिकटतात आणि ऑइल जळत राहतं. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. कोरडी काजळी टर्बो पेट्रोल गाडीला असतेच, पण बोटाला चिकट तेलकट थर आला तर आधीच्या मालकाला फोन लावून विचारा की दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती ऑइल वरून घालावं लागतं. थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाचं घर प्लास्टिकचं असतं, ते झिरपतं. इंजिनाच्या खाली-बाजूला वाळलेल्या कूलंटचे डाग शोधायला सांगा.

गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे, पण ऑइलात बुडालेल्या क्लचचा. हा प्रकार कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सपेक्षा दणकट. त्याचं ऑइल आणि फिल्टर साधारण ६० हजार किलोमीटरला बदलतात. तुमच्या गाडीचं रनिंग ५८ हजार आहे, म्हणजे हे काम बहुधा तुमच्याच खिशातून होणार. चढावर उभी करून हळूच रिव्हर्स घ्या. गाडी थरथरली, दचकली किंवा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का दिला तर मेकॅट्रॉनिक्सकडे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाकडे, संशयानं बघा, तो फार महाग आहे. मागचा स्पॉयलर बटणानं वर-खाली करून बघा. तो वेगात आपोआप वर येतो, आणि अडकलेला असेल तर गाडी बराच काळ उभी होती असं समजायला जागा आहे.

पत्र्याबद्दल एक खास गोष्ट. जुन्या गाडीवर लोहचुंबक फिरवून पुट्टी शोधायची सवय आपल्याकडे आहे. या टीटीत ती फसवते. तिच्या सांगाड्याच्या वजनातला ६९ टक्के भाग ॲल्युमिनियमचा आहे आणि पोलाद मुख्यतः मागे: मागचा तळ, दारं, डिकीचं झाकण. बॉनेटवर चुंबक चिकटत नाही आणि दारावर चिकटतो, हे तिथे मूळचंच आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्यायचं तर ॲल्युमिनियमवरही चालणारं न्या. आणि हेही लक्षात ठेवा की ॲल्युमिनियमचं डेंटिंग नाक्यावरच्या कुठल्याही गॅरेजचं काम नाही. पुढच्या फेंडरवर बारीक लाटा दिसल्या तर ते कुणी केलं, कुठे केलं, ते बिलासकट विचारा.

बंगळूरची गाडी म्हणून आणखी एक काळजी. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे आऊटर रिंग रोड आणि बेलंदूरच्या भागात बंगल्यांच्या आवारांत पाणी शिरलं आणि कितीतरी महागड्या गाड्या बुडाल्या. तुमची त्यांतली असेलच असं नाही. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतला न दिसणारा पट्टा बघा, तिथे मातकट रेघ राहते. सीटच्या खालचे रेल गंजलेत का, डिकीचं बूड उचलल्यावर कोपऱ्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या आत ओल धरलीय का, तेही पाहा. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग कधीच पूर्ण दुरुस्त होत नाही. ती खूण दिसली तर भाव पाच लाखांनी उतरला तरी घेऊ नका.

हे सगळं तुम्ही एकट्यानं करायचं नाही. डीलरशी संबंध नसलेला, ऑडी-फोक्सवॅगनवर रोज काम करणारा पुण्यातला मेकॅनिक शोधा आणि त्याची फी आनंदानं द्या. गाडी लिफ्टवर चढलीच पाहिजे, आणि गाडीतल्या सगळ्या कंट्रोल युनिटचं, म्हणजे छोट्या संगणकांचं, स्कॅनिंग झालंच पाहिजे. एकही फॉल्ट न दाखवणारी जुनी गाडी चांगलीच असते असं नाही. कधी कधी सकाळीच फॉल्ट पुसलेले असतात. स्कॅनरमध्ये ‘रेडीनेस’, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्याची नोंद, अपुरा दिसला की ते कळतं. आणि चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागवा. ५८ हजार रनिंग तिथल्या नोंदींशी जुळतं का, एवढ्या एका गोष्टीवर मी या व्यवहाराचा अर्धा निकाल लावेन. तिसरा मालक, इतकी वर्षं आणि ५८ हजार, हे शक्य आहे. हौसेची गाडी कमीच चालते. पण मीटर मागे फिरवणंही शक्य आहे, आणि फरक फक्त कागद सांगतो.

साताऱ्यात ही गाडी ठेवायची म्हणजे दोन-तीन गोष्टी पुण्या-मुंबईपेक्षा वेगळ्या. मोठं काम निघालं की गाडी फ्लॅटबेडवर घालून खंबाटकी ओलांडून पुण्याला न्यावी लागेल, तेव्हा विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घ्या आणि तो किती किलोमीटरपर्यंत टोइंग देतो ते वाचा. तुमच्या पार्किंगच्या रॅम्पची धार आणि गल्लीतले गतिरोधक टीटीच्या पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला लागतात का, ते घेण्याआधीच टेपनं मोजून बघा. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल आहे. त्याला चालतील असे रबर आणि सील असलेल्या गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून आल्या, २०१२ ची गाडी त्यांत नाही. ती लगेच बंद पडणार नाही, पण इथेनॉल ओल धरतं, आणि पावसाळ्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीला ते बाधतं. आठवड्यातून एकदा तरी नीट तापेपर्यंत चालवा, इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं ऑक्टेन पाळा, तिथे काटकसर नको.

विम्याबद्दल थोडक्यात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, या वयाच्या गाडीला सहसा देत नाहीत. आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या क्लेममध्ये पत्र्याच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरवरही ५० टक्के. बंपर फुटला तर अर्धं बिल तुमचं. पॉलिसी नावावर करून घ्यायला व्यवहारानंतर चौदा दिवस असतात. आरसीचं काम रखडलं म्हणून हे थांबवू नका.

टीटीच का, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही. तिची ती गोल पाठ, हातात बसणारं स्टिअरिंग आणि वळणात चारही चाकांनी रस्ता धरून राहणं, हे एकदा अनुभवलेल्या माणसाला ‘त्याऐवजी सेडान घ्या’ म्हणणं म्हणजे त्याचं ऐकूनच न घेणं. तरी तुमच्या खात्यातल्या पैशात दुसरी वाट आहे ती सांगून ठेवते. दीडशे अश्वशक्तीची १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिनाची स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस, मॅन्युअल गिअरची, दोन-तीन वर्षं वापरलेली. मेढ्यावरून महाबळेश्वरला जाताना ती तुम्हाला खूप हसवेल आणि सर्व्हिसिंगचं बिल झोप उडवणार नाही. पण दवाखान्यातून निघताना मागे वळून बघावंसं वाटेल का, ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर हिस्टरी स्वच्छ निघालेली टीटी बारा लाखांत मिळत असेल तर मी तीच घ्या म्हणेन. हिस्टरी नसलेली टीटी नऊ लाखांतही नको.

शनिवारी डीलरला फोन करून इतकंच सांगा: गाडी आवडलीय, पैसे तयार आहेत, कर्ज काढायचं नाही. चॅसिस नंबर पाठवा, हिस्टरी आली की माझा मेकॅनिक थंड गाडी बघेल, लिफ्टवर घेईल, आणि त्याच दिवशी भाव बोलू. टोकन त्यानंतर, तेही एनओसी न मिळाल्यास पूर्ण परत, असं कागदावर लिहून. तो तयार झाला तर मिस्टरांनाही पुण्याला बरोबर न्या आणि चावी त्यांच्या हातात द्या. तो चॅसिस नंबर द्यायला टाळाटाळ करू लागला तर फोन ठेवा आणि पैसे खात्यातच राहू द्या. हिस्टरीचे कागद मिळाले आणि त्यातलं काही समजलं नाही, तर मला पाठवा, मी बघून सांगते.